आंबण्याआधी

पोळ्यांची कणीक भिजवली की ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. न मुरलेल्या कणकेची पोळी वातड होते, आणि ती पानात कुणी टाकली तर बोलणी करणारीला बसतात. ज्यू घरांत मात्र वसंतातला एक आठवडा असा येतो, की हा अर्धा तास म्हणजे सरळसरळ नियमभंग. पिठाला पाणी लागलं की घड्याळ सुरू. मळणं, लाटणं, टोचे मारणं, भट्टीत घालणं, सगळं १८ मिनिटांच्या आत. त्यापुढे तो गोळा नुसता पडून राहिला, तर पीठ तेच, पाणी तेच, पण तो पदार्थ त्या आठवड्यापुरता खायचाच काय, घरात ठेवायचाही राहत नाही.

हा आठवडा म्हणजे पेसाख. मराठी बायबलमध्ये त्याला ‘वल्हांडण’ म्हटलंय आणि त्यात खायच्या भाकरीला ‘बेखमीर भाकर’. मिसर देशातल्या गुलामगिरीतून इस्राएली लोक रातोरात बाहेर पडले, पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, म्हणून ही न फुगलेली भाकर, एवढी गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. मीही तेवढ्यावरच होतो. मग एकदा या सणाचे हिब्रू शब्द एकेक करून उलटून पाहायला बसलो आणि त्यात पुरता अडकलो. कारण पहिल्याच शब्दाशी मराठी माझ्या मदतीला धावून आली.

तो शब्द ‘खामेत्स’. फुगलेलं, खमीर चढलेलं ते खामेत्स. यातला ‘ख’ आपल्या ‘ख’सारखा नाही, घशातून खरवडून काढलेला आहे, शेवटचा ‘त्स’ मात्र आपल्या घरचा, ‘चाक’ आणि ‘चोर’मधला च. त्याच धातूपासून ‘खामुत्स’ म्हणजे आंबट आणि ‘खोमेत्स’ म्हणजे सिरका. म्हणजे हिब्रू माणसाच्या कानाला फुगलेली भाकर ही आधी आंबलेली भाकर असते. इंग्रजीत या शब्दाचं भाषांतर करताना ‘वर उचललेली’ अशा अर्थाचा शब्द येतो; पीठ वर येतं, एवढंच त्यांच्या डोळ्यांना दिसलं. मराठीचं तसं नाही. आंबट आणि आंबणं ही आपल्याकडे एकाच घरातली भावंडं आहेत. आंबील, आंबोळी, आंबवण. इतकंच काय, दिवसभर राबल्यावर आपलं अंगसुद्धा आंबतं. हिब्रूतही हा धातू माणसापर्यंत पोचलेला आहे. स्तोत्रसंहितेतल्या ७३व्या स्तोत्रात दुष्टांची भरभराट पाहून जळणारा कवी स्वतःच्या काळजाबद्दल बोलताना हेच क्रियापद वापरतो. त्याचं मन आंबलं होतं.

खामेत्सचा जोडीदार शब्द ‘सेओर’. हे म्हणजे विरजण. आधीच्या पिठातला राखून ठेवलेला आंबट गोळा, जो नव्या पिठात मिसळला की तेही आंबवतो. बाजारात यीस्टच्या पुड्या मिळायला लागण्याआधी हजारो वर्षं भाकर अशीच फुगत होती: कालच्या गोळ्यातून आजचा, आजच्यातून उद्याचा. आपल्या दह्याच्या विरजणाला जशी आदि-अंत नसलेली वंशावळ असते, तशीच याची. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात हा सेओर घरातून नाहीसा करा म्हणून सांगितलंय आणि तिथे वापरलेलं क्रियापद ‘शब्बाथ’च्याच धातूचं आहे, थांबणं, विसावणं. आपण म्हणू, विरजणाला सुट्टी द्या. वर्षातून एकदा ती साखळी हाताने तोडायची आणि सात दिवसांनी पुन्हा कोऱ्या पिठापासून सुरुवात करायची.

आता इथे एक गंमत आहे. ‘मत्सा’, म्हणजे ती बेखमीर भाकर, कशाची करायची? उत्तर असं, की जे आंबू शकतं त्याचीच. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमग्रंथात पाच धान्यांची नावं आहेत. गहू, जव, आणि बाकीच्या तिघांना परंपरेने स्पेल्ट नावाचा जुना गहू, राय आणि ओट मानलं जातं. यांचंच खामेत्स होतं आणि मत्साही फक्त यांचीच होते. तांदूळ? तो आंबत नाही, तो ‘सिरखोन’कडे जातो, असं ताल्मूद, म्हणजे मिश्नावरचा विवेचनग्रंथ, सांगतो. सिरखोन म्हणजे नासणं, कुजका वास येणं. म्हणजे तांदळाची भाकरी ही मत्साही नव्हे आणि खामेत्सही नव्हे. ती या भांडणात नाहीच. याच न्यायाने आपली ज्वारी, बाजरी, नाचणी. कुठलाही इडलीवाला तांदूळ आंबत नाही हे ऐकून हसेल, पण ताल्मूदवाल्यांच्या नजरेपुढे भाकर होती, आणि गव्हाच्या कणकेसारखा हवा धरून ठेवणारा चिकट ताणा तांदळाच्या पिठाला नसतो हे खरंच आहे. या एका मुद्द्यावर पुढे किती वाद झाले असतील! युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंनी तांदूळ आणि डाळी या सणात वर्ज्यच धरल्या. पूर्वेकडच्या बऱ्याच समाजांनी भात सोडला नाही.

मला यात विलक्षण वाटतं ते हे, की निषिद्ध वस्तू आणि विहित वस्तू एकाच गोळ्यात बसलेल्या आहेत. आंबण्याचा धोका नसलेल्या पिठाची भाकर केली तर ती चालतच नाही. धोका हवा, आणि वेळेत हात उचलायला हवा.

म्हणून एका रविवारी मी स्वतः करून पाहिलं. भांडंभर गव्हाचं पीठ आणि साधं पाणी. मीठ नाही, तेल नाही. पिठात तेल, अंडं किंवा फळाचा रस घातला की तिला ‘मत्सा अशीरा’, श्रीमंत मत्सा म्हणतात आणि सणाच्या रात्रीचं कर्तव्य तिने पार पडत नाही. फोनवर १८ मिनिटं लावली. सहा मिनिटं मळण्यात गेली, तीन लाटण्यात, काट्याने भोकं पाडण्यात दोन. (भोकं यासाठी, की वाफ कोंडून फुगा येऊ नये. आपल्याकडे फुलका टम्म फुगला की समाधान. इथे फुगला की घोटाळा.) तवा तापायला मी उशीर लावला होता, ती चूक. सतरावं मिनिट संपता संपता एकच कडक, चट्टे पडलेली, जराशी जळकी चकती हातात आली. चव कडकण्यांतला गूळ आणि मोहन काढून टाकल्यावर उरेल तशी.

उरलेला गोळा मी मुद्दाम ओट्यावर उघडा ठेवला, कारण मिश्नातलं एक वर्णन मला पडताळायचं होतं. पीठ आंबायला लागलं हे ओळखायचं कसं, तर त्यावर टोळाच्या शिंगांसारख्या बारीक चिरा इकडेतिकडे दिसतात. पुढे त्या चिरा एकमेकींत घुसतात. आणखी एक खूण दिलीय: भीतीने केस उभे राहिलेल्या माणसाचा चेहरा जसा पांढरा पडतो तसं पिठाचं तोंड पांढरं पडतं. घड्याळ नसलेल्या काळात, चुलीजवळ उकिडवं बसून, पिठाच्या गोळ्याकडे टक लावून कुणीतरी हे पाहिलं असणार. मिश्नात तीन बायका एकदम पीठ घेऊन बसल्यात, एक मळतेय, एक वळतेय, एक भाजतेय, असंही चित्र येतं. हात चालू आहेत तोवर पीठ आंबत नाही हा त्यामागचा हिशेब. माझ्या ओट्यावरच्या गोळ्यावर दुपारपर्यंत वरची साय कोरडी होऊन टोळाच्या मिशा उमटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणाखालचा वास अगदी आंबोळीच्या पिठाचा होता.

आणि १८ मिनिटं आली कुठून? ताल्मूदमध्ये मिनिटं नाहीत, रस्ता आहे. गालील समुद्राकाठच्या मिग्दल नुनया या गावाहून तिबेर्यापर्यंत चालत जायला लागतो तेवढा वेळ, म्हणजे एक ‘मील’, सुमारे एक किलोमीटर. पुढच्या काळात त्या चालण्याची मिनिटं केली. कोसाकोसाने वेळ मोजणाऱ्या आपल्या आजोबांना हा हिशेब अजिबात परका वाटला नसता.

मळायच्या पाण्याचीही एक कथा आहे, आणि शब्दांच्या नादी लागलेल्या माणसासाठी ती सोन्यासारखी आहे. कोमट पाण्याने पीठ लवकर आंबतं, म्हणून पाणी आदल्या संध्याकाळी भरून रात्रभर गार होऊ द्यावं असा नियम. अशा पाण्याला हिब्रूत ‘मयिम शेलानू’ म्हणतात, म्हणजे रात्र काढलेलं, मुक्काम केलेलं पाणी. पण ‘शेलानू’चा रोजच्या वापरातला अर्थ ‘आमचं’. राव मत्ना नावाच्या पंडितांनी पापुनया गावात प्रवचनात सांगितलं, मत्सा फक्त ‘शेलानू’ पाण्यानेच मळा. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हे घागरी-कळश्यांची रांग! सगळा गाव आलेला, पाणी द्या म्हणत. लोकांनी ऐकलं होतं, ‘फक्त आमच्याच पाण्याने मळा.’ बिचाऱ्यांना अरामीत, लोकांच्या बोलीत, पुन्हा सांगावं लागलं, की बाबांनो, रात्रभर ठेवलेलं पाणी. आपल्याकडे हा प्रसंग ओढवलाच नसता. ‘शिळं पाणी’ म्हटलं की झालं. शेलानू आणि शिळं यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, निव्वळ कानाचा योगायोग आहे. पण इतका चपखल योगायोग सोडवत नाही.

हिब्रू लिहितात कशी, हेही इथे पाहण्यासारखं आहे. मोडी वाचताना ऱ्हस्व-दीर्घ आपण संदर्भाने लावून घेतो. हिब्रूत त्यापुढची पायरी आहे, तिथे स्वर बहुतेक वाचणाऱ्यानेच भरायचे. त्यामुळे ‘मत्सोत’ (मत्साचं अनेकवचन) आणि ‘मित्स्वोत’ (धर्माज्ञा) हे दोन शब्द एकाच अक्षरांनी लिहिले जातात. निर्गममध्ये मत्सोतची राखण करा असं म्हटलंय. मेखिल्ता या जुन्या भाष्यात एका रब्बीने ते मित्स्वोत असं वाचून दाखवलं: जशी मत्सा आंबू देऊ नये तशी आज्ञाही आंबू देऊ नये, करण्यासारखं काम समोर आलं की तिथल्या तिथे करावं. आळसाला ‘आंबणं’ म्हणणारा हा माणूस मला फार आवडला.

त्याहून बारीक गंमत अक्षरांच्या आकारात आहे. खामेत्समध्ये तीन अक्षरं: खेत, मेम, त्सादी. मत्सामध्ये तीन: मेम, त्सादी, हे. दोन तर सारखीच. उरलेली दोन, खेत आणि हे, शेजारी लिहून पाहिली तर दोन्ही दाराच्या चौकटीसारखी दिसतात. फरक इतकाच, की खेतचा डावा खांब वरच्या तुळईला टेकलेला असतो आणि ‘हे’मध्ये तिथे केसाएवढी फट असते. लेखणीचा एक थेंब जास्त सांडला की मत्साची खामेत्स. ‘ध’चा ‘मा’ करणारी पोरं आपण, आपल्याला यातली जोखीम समजावून सांगायला नको. प्रवचनकारांनी या फटीवर शतकानुशतकं निरूपणं केली आहेत.

मुख्य शब्दाला मी मुद्दाम उशीर केला, कारण तो सगळ्यांत निसरडा आहे. ‘पेसाख’ म्हणजे नक्की काय?

निर्गममधली गोष्ट अशी: मिसरातल्या थोरल्या मुलांवर मृत्यू येणार त्या रात्री इस्राएली घरांनी कोकरू मारून त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावायचं. ती खूण पाहून देव त्या घरांबाबत ‘पासाख’ करेल. मूळ बायबलात ‘पेसाख’ हे नाव सणाच्या आठवड्याचं नव्हे, त्या कोकराचं आणि त्या एका संध्याकाळचं आहे. पुढचे सात दिवस म्हणजे ‘खाग हामत्सोत’, बेखमीर भाकरींचा सण. मेंढपाळांचा एक विधी आणि शेतकऱ्यांचा एक विधी मागाहून एकत्र आले असावेत, असा बऱ्याच अभ्यासकांचा अंदाज आहे. तसं असेल तर ‘वेळ नव्हता म्हणून पीठ फुगलं नाही’ ही गोष्ट भाकरीला नंतर चिकटली असेल. निर्गम नीट वाचलं तर मत्सा खायची आज्ञा आधी येते आणि न फुगलेल्या पिठाची गोष्ट त्यानंतर तीसेक श्लोकांनी, हे ध्यानात येतंच.

पण पासाख करणं म्हणजे काय करणं? याच अक्षरांचा ‘पिसेयाख’ म्हणजे लंगडा. दावीद राजाच्या गोष्टीत योनाथानचा पाच वर्षांचा मुलगा मफीबोशेथ दाईच्या हातून पडतो आणि लंगडा होतो, तिथे हेच क्रियापद आहे. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्टा लोकांना विचारतो, की तुम्ही दोन मतांमध्ये कुठवर हेलकावत राहणार, तिथेही हेच. आणि थोड्याच ओळींनंतर बआलचे पुजारी वेदीभोवती उड्या मारत नाचतात, तिथेही हेच. लंगडणं आणि उडी मारणं एका शब्दात कसं बसतं, असा प्रश्न युरोपीय कोशकारांना पडतो. मराठी पोराला पडणार नाही. आपण लंगडणाऱ्या माणसाला जो शब्द वापरतो तोच खेळाला वापरतो: लंगडी घालणं. एक पाय उचलून मधला चौकोन सोडून पुढच्यात पडायचं. खूण असलेलं घर सोडून पुढच्या घरात, असं.

पण यशयाच्या ३१व्या अध्यायात एक वेगळंच चित्र येतं. पक्षी घिरट्या घालत पिलांवर पंख धरतात, तसा देव यरुशलेमचं रक्षण करील असं तिथे आहे, आणि त्या राखण करण्याच्या क्रियापदांमध्ये ‘पासाख’ही आहे. आता पक्षी पिलांना ओलांडून जात नाही, त्यांच्यावर थांबतो. मग देव त्या रात्री दारावरून पुढे गेला, की दारावर पंख पसरून उभा राहिला? हे दोन वेगळे धातू आहेत की एकच, यावर आजही पंडितांचं एकमत नाही. अलेक्झांड्रियातल्या ज्यूंनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक भाषांतर केलं तेव्हा त्यांनी निर्गमच्या एकाच अध्यायात दोनदा ‘झाकणं, आच्छादणं’ असा शब्द वापरला आणि एकदा ‘बाजूने निघून जाणं’. अरामी भाषांतरकाराने ‘दया करणं’ केलं. लॅटिनमध्ये जेरोमने ‘पार जाणं’ घेतलं. १५३०मध्ये विल्यम टिंडेलने इंग्रजीत ‘पासओव्हर’ हा नवाच शब्द घडवला आणि तो इतका रुजला, की आता हिब्रूत दुसराही अर्थ असू शकतो हे कुणाच्या गावीही नसतं. मराठी भाषांतरकारांनी वलांडणं-ओलांडणं यातून ‘वल्हांडण’ केलं. माझ्या मते ते नुसत्या पार जाण्यापेक्षा सरस आहे, कारण मराठीत ओलांडायची पहिली वस्तू उंबरठा असते आणि ही सगळी गोष्टच दाराच्या चौकटीत घडते.

बाकीचे शब्द भराभर सांगतो. कोकरू मारायची वेळ ‘बेन हाअर्बायिम’, म्हणजे ‘दोन संध्याकाळींच्या मध्ये’. हिब्रूत संस्कृतसारखं द्विवचन आहे आणि संध्याकाळ इथे द्विवचनात आहे. कुठल्या दोन, यावर पंथ फुटले: कुणी म्हणालं ऊन कलल्यापासून सूर्यास्तापर्यंत, शोमरोनी म्हणाले सूर्यास्तापासून काळोख पडेपर्यंत. ते शोमरोनी आजही गरिज्जीम डोंगरावर त्या वेळेला कोकरं कापतात. दोनच संध्याकाळींवरून एवढं. आपल्याकडे तर तिन्हीसांजा आहेत.

महिना ‘आवीव’. हे मूळ महिन्याचं नाव नव्हे, पिकाची अवस्था आहे: जवाचं कणीस भरलंय पण अजून हिरवं आहे, ती. आपण हुरड्याचे दिवस म्हणतो तसं. तेल अवीव शहरात तेच हिरवं कणीस आहे. पुढे बाबेलहून ‘निसान’ हे नाव आलं. निसानची १५वी म्हणजे पौर्णिमेचा चंद्र, आणि ऋतू चुकू नये म्हणून ज्यू पंचांगातही १९ वर्षांत ७ अधिक महिने घालतात. त्यामुळे पेसाखची रात्र पुष्कळदा आपल्या चैत्र पौर्णिमेच्या आगेमागेच येते. २०२५मध्ये हनुमान जयंती १२ एप्रिलला होती आणि त्याच संध्याकाळी पेसाख सुरू झाला.

‘मारोर’ म्हणजे कडू पाला. मिसरी लोकांनी गुलामांचं जगणं कडू केलं असं निर्गमच्या पहिल्याच अध्यायात आहे, तिथे याच धातूचं क्रियापद आहे. म्हणजे जे जगणं ते पान. मिश्नातल्या यादीत पहिला मान लेट्यूसला आहे. हा पाला सुरुवातीला गोड आणि शेवटी कडू लागतो, मिसरातले दिवसही तसेच होते, असं ताल्मूदचं म्हणणं. ‘उगा’ म्हणजे निखाऱ्यावरची गोल भाकर; इस्राएली लोकांनी वाटेत भाजल्या त्या उगोत मत्सोत. आज इस्राएलमध्ये वाढदिवसाच्या क्रीम लावलेल्या केकला उगा म्हणतात. बिचारा शब्द कुठून कुठे फुगला!

एकावर मात्र थांबायला हवं. अनुवाद या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात मत्साला ‘लेखेम ओनी’ म्हटलंय. लेखेम म्हणजे भाकर, अन्न. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. ‘ओनी’ म्हणजे हाल, दैन्य. गरिबाची भाकर, एवढं सरळ आहे. पण ताल्मूदमध्ये शमुएल नावाचे रब्बी त्याच अक्षरांत ‘ओने’, उत्तर देणं, हे क्रियापद पाहतात आणि म्हणतात, ज्या भाकरीसमोर बसून पुष्कळ उत्तरं द्यायची ती ही भाकर. सणाच्या रात्री घरातल्या धाकट्याने प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी गोष्ट सांगायची हा प्रघात त्याला धरूनच आहे. ‘हग्गादा’ या पोथीच्या नावाचा अर्थही ‘सांगणं’ एवढाच. आणखी एका रब्बीचं म्हणणं, गरिबाच्या वाट्याला अख्खी भाकर कुठली, तुकडाच येतो; म्हणून त्या रात्री समोरच्या तीन मत्सांतली मधली मोडतात. चतकोर भाकरीचा अर्थ ज्या भाषेत लगेच कळतो तिच्यात हे सांगताना मला बरं वाटतं.

आणि या भाषेत हे सांगणारा मी काही पहिला नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची, अलिबाग-रेवदंडा-पेणकडच्या तेल्यांची, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यां’ची मायबोली मराठीच. मराठी हग्गादा मुंबईत १८४६मध्ये छापली गेली, आणि १८७४मध्ये पुण्यात शिळाछापावर निघालेल्या हग्गादेत चित्रं आहेत. त्यातल्या एका चित्रात नऊवारी नेसलेल्या, अंबाडे घातलेल्या बायका जमिनीवर बसून मत्सा करताहेत. मिश्नातल्या त्या तिघी, थेट पुण्यात येऊन बसलेल्या.

या समाजाची सणांची जुनी नावं मराठी आहेत आणि बहुतेक स्वयंपाकघरातून आलेली आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, शिळा सण. पेसाखचं नाव ‘अनाशी ढाकाचा सण’. अनास म्हणजे तोंडीलावण्याच्या आंबट पाण्याचं मडकं. ढाकणं म्हणजे झाकणं. ते आंबटाचं मडकं ज्या दिवशी झाकून ठेवायचं तो सण. हिब्रू पोथ्या हाताशी नव्हत्या तेव्हाही सणाचा गाभा त्यांनी बरोबर पकडून ठेवला होता, आणि तो कोकराचा नव्हता, मिसराचा नव्हता, आंबटाचा होता. खामेत्स या शब्दाचं याहून नेमकं भाषांतर मला कुठल्या कोशात सापडलेलं नाही. शिवाय ग्रीक भाषांतरकारांनी पासाखसाठी ‘झाकणं’ घेतलं होतं, आणि इकडे कोकणातही झाकणंच आलं. तिकडे देव घर झाकतो, इकडे बाई मडकं झाकते.

आता ‘बेखमीर’कडे परत येतो. चार अक्षरांचा शब्द आणि पुढे भाकर. ‘बे’ फारसी, भाकर आपली, आणि ‘खमीर’ अरबी, फारसीच्या हाताने आपल्याकडे आलेलं. आज पाववाल्याच्या तोंडी असतं तेच. या खमीरचं सख्खं भावंड अरामी भाषेत आहे: ‘खमीर’, ‘खमीरा’. ते किती जुनं? नाईल नदीत अस्वानजवळ एलेफंटाइन नावाचं बेट आहे. इराणच्या बादशहाच्या चाकरीत असलेली एक ज्यू फौज तिथे राहत होती, खुद्द मिसरात. त्यांच्या नावे आलेलं इसवी सनापूर्वी ४१९ सालचं एक पत्र पपायरसवर सापडलंय. कडा फाटलेल्या आहेत, ‘पेसाख’ हा शब्द उरलेल्या भागात नाही. पण निसान महिना आहे, तारखा आहेत, आणि खमीर असलेल्या वस्तूंविषयीची ताकीद आहे. तोच खमीर, अरामीत, स्पष्ट.

तोच शब्द अजून दरवर्षी उच्चारला जातो. पेसाखच्या आदल्या रात्री ज्यू घरात दिवे मालवून मेणबत्तीच्या उजेडात खामेत्स शोधतात. कोपऱ्यांत मुद्दाम ठेवलेले पावाचे तुकडे पिसाने लाकडी चमच्यात लोटायचे, सकाळी जाळायचे. आणि न सापडलेलं जे काही फटीत, कपाटामागे राहिलं असेल, त्याच्यावरचा हक्क सोडतो असं म्हणायचं. हे म्हणणं हिब्रूत नाही, अरामीत आहे, कारण ते म्हणणाऱ्याला कळलं पाहिजे आणि तेव्हा घराघरातली भाषा अरामी होती. सुरुवात होते ‘कोल खमीरा’, सगळं खमीर, अशी.

रेवदंड्याच्या एखाद्या घरात, हातात मेणबत्ती घेतलेल्या बापामागे उभ्या असलेल्या पोरीला त्या सबंध वाक्यातलं बाकी काही कळत नसेल. पण दुसरा शब्द तिला पाववाल्यामुळे ठाऊक असणार.